दप्तरातील नावे आणि नावांचे धनी

३० सप्टेंबर २०१९ रोजी कॅनडाच्या राजधानीलगत एक लाल कापडाचा पट उलगडण्यात आला. सुमारे पन्नास मीटर लांबीच्या त्या पटावर २,८०० मुलांची नावे होती. सरकारी अनुदानावर आणि बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या निवासी शाळांत ही आदिवासी मुले दाखल झाली आणि घरी परतली नाहीत. त्या सोहळ्याची वार्ता झाली. पण ही नावे पटावर येण्यापूर्वी ज्या कामातून गेली त्या कामाची झाली नाही. ते साहजिकच आहे. दप्तरखान्यात बसून नोंदी लावणे हा कोणत्याच देशात बातमीचा विषय होत नाही.

या कामाला अलीकडे 'मेटाडेटा' असे भारदस्त नाव मिळाले आहे. अर्थ साधा आहे: कागदाविषयीची नोंद. कागद कोणी लिहिला, केव्हा, कोणाविषयी, कोणत्या गावचा, आणि तो कोणी पाहावा, हे सांगणारी ही नोंद असते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालावर चिठ्ठी नसेल तर आतील कागद असून नसल्यासारखाच, हे आपल्याकडील इतिहाससंशोधकांना सांगावे लागत नाही. विनिपेग येथे मॅनिटोबा विद्यापीठात २०१५ पासून 'सत्य आणि समेट राष्ट्रीय केंद्र' चालते. तेथील लक्षावधी कागदपत्रांना अशी चिठ्ठी लावणाऱ्यांच्या हाती एखाद्या कुटुंबाला आपले हरवलेले मूल सापडणार की नाही, याचा निर्णय बव्हंशी असतो.

या शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत टिकली. तिची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००८ ते २०१५ या काळात काम केले आणि ३,२०० मृत्यूंची सूची तयार केली. त्यांपैकी ३२ टक्के मृत्यूंच्या बाबतीत सरकारने वा शाळेने मुलाचे नावच नोंदवलेले नव्हते. २३ टक्क्यांच्या बाबतीत तो मुलगा होता की मुलगी हेही नोंदलेले नव्हते. जवळजवळ निम्म्या मृत्यूंचे कारण लिहिलेले नव्हते.

हे असे का झाले, याचे उत्तर केवळ क्रौर्यात शोधून भागणार नाही. ते हिशेबाच्या वहीतही शोधावे लागते. १८९२ पासून या शाळांना दरडोई अनुदान मिळू लागले. जितकी मुले, तितका पैसा. साहजिकच शाळांकडून जी तिमाही पत्रके जात, ती मुलांसाठी नव्हती; तिजोरीसाठी होती. पत्रकात जे रकाने असतात तेवढेच जग कारकुनाला दिसते. मरण पावलेल्या मुलासाठी तिजोरीला काही द्यायचे नव्हते, म्हणून त्याच्याविषयी फारसे विचारायचेही नव्हते. कित्येक मुख्याध्यापक वर्षाच्या अहवालात 'इतकी मुले दगावली' एवढाच आकडा कळवून मोकळे होत. मृत्यूची नोंद आणि चौकशी कशी करावी याचे रीतसर धोरण संबंधित खात्याने ठरवले ते १९३५ साली. पुढे १९३६ ते १९४४ या अवधीत त्याच खात्याच्या सुमारे दोन लाख फायली निरुपयोगी म्हणून नष्ट करण्यात आल्या. आज नोंदी लावणाऱ्याच्या पुढ्यात येते ते या साऱ्यातून उरलेले, दुसऱ्याच हेतूने लिहिलेले दप्तर.

त्यातही नावांचा घोळ मोठा आहे. शाळेत आल्यावर मुलाचे मूळ नाव बदलून इंग्रजी किंवा फ्रेंच नाव दिले जाई. अनेक शाळांत मुलाला क्रमांकानेच हाक मारली जाई. जी नावे टिकली ती कारकुनाच्या कानाला जशी वाटली तशी उतरली. एकच मूल प्रवेशपत्रकात एका नावाने, इस्पितळाच्या कागदात दुसऱ्याने आणि चर्चच्या दफनवहीत तिसऱ्याने येते. उत्तरेकडील इन्युइट लोकांत आडनावाची पद्धतच नव्हती. म्हणून १९४१ पासून सरकारने माणशी एक क्रमांक कोरलेली चकती दिली, आणि शासकीय व्यवहारात तो क्रमांक हेच नाव झाले. ही पद्धत मोडून आडनावे नोंदवण्याची मोहीम १९६८ ते १९७१ मध्ये निघाली. आता चांगला नोंदकार काय करतो? तो यांपैकी काहीच पुसत नाही. घरच्यांनी सांगितलेले नाव तो शीर्षस्थानी ठेवतो, आणि चुकीची रूपे, क्रमांक, लादलेली नावे ही सर्व त्याखाली शोधाच्या खुणा म्हणून जोडतो. जुना अपमानकारक शब्द खोडून टाकावा असे अनेकांना वाटते. ती भावना समजण्यासारखी असली तरी मूळ कागदातील शब्द खोडणे म्हणजे पुरावाच खोडणे होय. तो शब्द कागदात राहू द्यावा, शीर्षकात मात्र राहू नये.

शीर्षकांचा प्रश्नही लहान नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने रूढ केलेल्या विषयशीर्षकांत शेकडो राष्ट्रकांना 'उत्तर अमेरिकेचे इंडियन' या एकाच कोठीत घालण्यात आले होते. कोलंबसाची भौगोलिक चूक अशी ग्रंथालयांच्या कपाटांतून शतकानुशतके जपली गेली! कानावागे येथील मोहॉक ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात वेगळी वर्गीकरणपद्धती रचली आणि आदिवासी राष्ट्रांना त्यांच्या परस्परांच्या शेजारसंबंधाने मांडले. रकान्यातल्या एका शब्दाचे मोल महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली ती अशाच एका शब्दापोटी.

नाव लागले, शीर्षक बदलले. तरी खरा प्रश्न उरतोच. हा कागद कोणाचा? अर्थशास्त्रात माहितीला सार्वजनिक वस्तू मानण्याकडे कल असतो: एकाने वाचल्याने दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, म्हणून ती सर्वांना खुली असावी. परंतु ज्याच्या देहाविषयीची, दुःखाविषयीची ती माहिती आहे, त्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कॅनडातील फर्स्ट नेशन्सनी १९९८ साली आरोग्यपाहणीच्या निमित्ताने चार शब्दांत आपला दावा मांडला: मालकी, नियंत्रण, प्रवेश, ताबा. म्हणून तेथील आजच्या सूचीत 'कोणी लिहिले' या रकान्याइतकाच 'कोणाच्या संमतीने पाहावे' हा रकाना महत्त्वाचा ठरतो. संशोधकांना तो जाचक वाटतो. तथापि ज्यांचे सर्व काही विनासंमती लिहिले गेले, त्यांना निदान वाचनाला तरी संमती देण्याचा हक्क नाकारणे न्याय्य म्हणता येत नाही.

हा हक्क कोठवर जातो, हे २०१७ साली दिसले. शाळांतील अत्याचारांबद्दल भरपाई मागणारे सुमारे ३८,००० अर्ज गुप्ततेच्या आश्वासनावर चालवले गेले होते. त्या जबान्यांचे पुढे काय करावे, यावर वाद पेटला. त्या जतन झाल्या पाहिजेत, नाहीतर हे घडलेच नाही असे म्हणायला उद्या लोक मोकळे होतील, असे केंद्राचे म्हणणे होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने निर्णय दिला की जबानी देणाऱ्याने जतनाचा पर्याय निवडला तरच कागद राहील. एरवी तो नष्ट होईल. त्यासाठी १९ सप्टेंबर २०२७ ही मुदत ठरवण्यात आली. इतिहासाची यात हानी आहे, यात शंका नाही. पण त्या हानीचे मोल पुन्हा एकदा त्याच माणसांकडून, त्यांना न विचारता वसूल करावे काय, हा प्रश्न न्यायालयाने इतिहासकारांपुढे ठेवला आहे. केंद्राकडे आता उरलेला मार्ग एकच: त्या वृद्ध स्त्री-पुरुषांपर्यंत पोहोचून, त्यांना पर्याय समजावून, ज्यांना हवे त्यांचे नाव त्यांनी सांगितलेल्या रूपात नोंदवून घेणे. त्यांपैकी कित्येकांचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे, आणि हे काम कोणत्याही यंत्राने उरकण्यासारखे नाही.