जावा जागेवर, इन्स्टॉलर दुसऱ्या गावात

संगणकावर जावा आहे. काल रात्रीच उतरवून घेतलेला, 'सी' ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाइल्समध्ये स्वतःच्या फोल्डरसह बसलेला. तरीही नव्या प्रोग्रामचा इन्स्टॉलर पडद्यावर ठामपणे सांगतो, जेडीके (जावात प्रोग्राम लिहिण्याचा संच) सापडले नाही. अभियांत्रिकीचा विद्यार्थी अशा वेळी सहसा काय करतो? जावा काढून टाकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा बसवतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि पुन्हा तोच संदेश वाचतो. संध्याकाळ संपते, महिन्याचा डेटा संपत येतो आणि प्रोग्रामिंग आपल्याला जमणार नाही, अशी शंका मनात घर करते. या शंकेला काहीही आधार नसतो. दोष त्याचा नसतो, बहुतेक वेळा जावाचाही नसतो.

दोष त्या संदेशात असतो, कारण तो अर्धाच असतो. 'सापडले नाही' एवढे तो सांगतो. कुठे शोधले, ते सांगत नाही.

इन्स्टॉलर काही अख्खी हार्ड डिस्क धुंडाळत बसत नाही. त्याला शिकवलेल्या दोन-तीन ठिकाणी तो चौकशी करतो आणि परततो. पहिले ठिकाण म्हणजे विंडोजची रजिस्ट्री. दुसरे, 'जावा होम' नावाचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. तिसरे, 'पाथ', म्हणजे आज्ञा लिहिल्यावर प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचा याची यादी. रजिस्ट्री हे तलाठ्याचे दप्तर समजावे. शेत जागेवर असते, पीकही उभे असते, पण दप्तरात नोंद नसेल तर कागदोपत्री ते शेत नसतेच. इन्स्टॉलर शेतावर जात नाही, तो सातबारा मागतो.

याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण अँड्रॉइडचे. अँड्रॉइड स्टुडिओ येण्याआधी अ‍ॅप बनवायला शिकणाऱ्यांना गूगलचे एसडीके टूल्स वेगळे बसवावे लागत. त्याआधी मशीनवर जेडीके असणे सक्तीचे होते. ६४-बिट विंडोजवर ६४-बिट जेडीके नीट बसवलेल्या असंख्य लोकांना हा इन्स्टॉलर 'जेडीके सापडले नाही' म्हणून अडवायचा. त्यावरचा एक उपाय तोंडोतोंडी पसरला होता: 'बॅक' बटण दाबायचे, मग पुन्हा 'नेक्स्ट' दाबायचे. अनेकांचे काम एवढ्याने व्हायचे! ज्यांचे होत नसे, ते शेजारी ३२-बिट जेडीकेही बसवत किंवा रजिस्ट्रीत हाताने नोंद घालत.

रजिस्ट्रीतली नोंद हाताने का घालावी लागे, ते समजून घेण्यासारखे आहे. ६४-बिट विंडोजवर जुने ३२-बिट प्रोग्रामही चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी रजिस्ट्रीचा वेगळा कप्पा ठेवला आहे. त्याचे नाव 'वॉव६४३२नोड'. ३२-बिट प्रोग्रामने 'सॉफ्टवेअर' विभागात चौकशी केली, की विंडोज त्याला गुपचूप या दुसऱ्या कप्प्याकडे वळवते. ६४-बिट जावा मात्र आपली नोंद मूळ कप्प्यात करतो. म्हणजे नोंद एका गावच्या दप्तरात आणि चौकशी दुसऱ्या गावच्या. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर, आणि मधल्या मध्ये माणूस अडकलेला.

नंतर गावाचे नावच बदलले. जावा ८ पर्यंत ही नोंद 'जावासॉफ्ट' या शीर्षकाखाली 'जावा डेव्हलपमेंट किट' अशा पूर्ण नावाने होत असे. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आला आणि तिथे नुसते 'जेडीके' आले. आवृत्ती लिहायची पद्धतही बदलली. जावा ८ स्वतःला १.८ म्हणवत असे, जावा ९ मात्र सरळ ९. सुरुवातीला 'एक पूर्णांक' असणारच, असे धरून लिहिलेले प्रोग्राम नवा, अधिक चांगला जावा समोर असताना तो ओळखेनात. पुढे जावाची मालक कंपनी ओरॅकलने परवान्याचे नियम बदलले, तसे अनेकांनी टेम्युरिन, कोरेटो अशी मोफत जेडीके वापरायला सुरुवात केली. टेम्युरिनच्या इन्स्टॉलरमध्ये 'जावा होम' ठरवण्याचा आणि जावासॉफ्टच्या नावाने नोंद करण्याचा असे दोन पर्याय असतात, पण दोन्ही मुळात बंद असतात. जो 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो, त्याला ते दिसतही नाहीत. जुना प्रोग्राम मात्र नेमक्या त्याच नोंदी शोधत येतो.

हे झाले दप्तराचे. 'जावा होम'च्या चुका त्याहून साध्या आणि म्हणूनच जास्त छळणाऱ्या. त्यात जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो, पुष्कळजण त्याच्या आतल्या 'बिन' फोल्डरचा देतात. काहीजणांचा पत्ता एके काळी बरोबर होता, पण जावा ८ च्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा पूर्ण क्रमांक असे. अपडेट झाला, जुना फोल्डर गेला, पत्ता तसाच राहिला. आणखी एक गोष्ट अनुभवी लोकही विसरतात. व्हेरिएबल बदलल्यावर आधीपासून उघड्या असलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीला ते कळत नाही. प्रोग्राम सुरू होताना या सगळ्या व्हेरिएबल्सची प्रत घेतो आणि बंद होईपर्यंत तीच वापरतो. खिडकी बंद करून नवी उघडली, की अर्ध्या तक्रारी मिटतात.

'पाथ' मात्र जपून हाताळावा. तो बदलायला 'सेटएक्स' ही आज्ञा वापरली, तर १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापला जातो. लांबलचक पाथ असलेल्या मशीनवर एका जावापायी इतर पाच प्रोग्रामांचे पत्ते पुसले जातात. हा बदल सेटिंग्जमधल्या खिडकीतूनच केलेला बरा.

प्रत्यक्ष तपासणी पाच मिनिटांची आहे. नवा कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि 'जावा -व्हर्जन' लिहावे. उत्तराच्या तीन ओळींपैकी शेवटची नीट वाचावी. तिथे '६४-बिट' असे शब्द नसतील, तर जावा ३२-बिट आहे. मग 'जावासी -व्हर्जन' लिहावे. पहिल्या आज्ञेला उत्तर मिळाले आणि दुसरीला 'ही आज्ञा ओळखीची नाही' असे आले, तर मशीनवर बहुधा फक्त जेआरई आहे, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवायची सोय आहे, लिहायची नाही. भारतातल्या घरच्या संगणकांवर हे सहज घडते, कारण सरकारी ई-निविदांवर डिजिटल सही करायला जावा लागायचा आणि कुणीतरी तेवढ्यापुरता तो बसवलेला असतो. विद्यार्थी म्हणतो 'जावा आहे', इन्स्टॉलर म्हणतो 'जेडीके नाही', आणि दोघेही खरे बोलत असतात.

तिसरी आज्ञा सगळ्यात मोलाची: 'व्हेअर जावा'. पाथमधले सगळे जावा ती ओळीने दाखवते. दोन-तीन ओळी आल्या, तर सर्वांत वरचा तो चालतो, बाकीचे नुसते बसून असतात. पॉवरशेलमध्ये मात्र हीच आज्ञा काहीच दाखवत नाही, कारण तिथे 'व्हेअर' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे 'व्हेअर.ईएक्सई जावा' असे लिहावे लागते. नाहीतर कोऱ्या पडद्यावरून जावाच नाही, असा समज होतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर प्रोसेस मॉनिटर हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले मोफत साधन घ्यावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी उभारलेले सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आपल्याकडे घेतले. प्रोसेस मॉनिटर सुरू करावे, फिल्टरमध्ये इन्स्टॉलरचे नाव घालावे आणि इन्स्टॉलर चालवावा. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागतात. त्यांत 'जावासॉफ्ट' शोधावे. डावीकडे इन्स्टॉलरने उघडू पाहिलेल्या नोंदीचा पूर्ण पत्ता, आणि त्याच ओळीत पुढे निकाल: 'नेम नॉट फाउंड'. जे उत्तर इन्स्टॉलरने द्यायला हवे होते, ते इथे अक्षरशः लिहिलेले असते. पत्त्यात 'वॉव६४३२नोड' दिसले, की कोडे सुटले.

मराठी माणसाने एक खबरदारी वेगळी घ्यावी. विंडोजच्या स्थानिक खात्याला हौसेने देवनागरीत नाव दिले, की 'यूजर्स'मधला फोल्डरही त्याच नावाने बनतो, आणि अँड्रॉइडचा एसडीके आपोआप त्याच फोल्डरात जायला निघतो. मग अँड्रॉइड स्टुडिओ इशारा देतो की, पत्त्यात न चालणारी अक्षरे आहेत. विंडोजवर प्रकल्पाच्या पत्त्यात देवनागरी असेल, तर बिल्डही अडतो. नंतर खात्याचे नाव बदलून उपयोग नसतो, फोल्डरचे नाव जुनेच राहते. अशा वेळी 'सी' ड्राइव्हवर थेट रोमन नावाचा फोल्डर करून एसडीके आणि प्रकल्प तिथे ठेवावेत. स्वतःच्या लिपीत स्वतःचे नाव लिहिल्यामुळे कुणाचे काम अडावे, ही गोष्ट आजच्या काळात लाजिरवाणी आहे आणि ती साधने बनवणाऱ्यांनीच दुरुस्त करायला हवी.

ही अडचण एकट्या जावाची नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतर विंडोज १० वर 'पायथन' लिहिले, की पायथनऐवजी मायक्रोसॉफ्टचे स्टोअर उघडू लागले. तिथे उलटा प्रकार होता: पायथन नसताना त्याच्या नावाची पाटी मात्र लावलेली. व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१७ च्या आवृत्तीपासून तर एकाच मशीनवर त्याच्या अनेक प्रती नांदू लागल्या. जुन्या पद्धतीने रजिस्ट्रीत शोधणाऱ्यांना त्या दिसेनात, तेव्हा मायक्रोसॉफ्टने केवळ व्हिज्युअल स्टुडिओ कुठे आहे हे सांगण्यासाठी 'व्हीएसव्हेअर' नावाचा छोटा प्रोग्रामच दिला. ही योग्य वाट. अँड्रॉइड स्टुडिओने दुसरी वाट धरली. २०१६ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीपासून तो स्वतःचे जेडीके सोबतच घेऊन येतो, आणि नवख्यांची ती जुनी डोकेदुखी बरीच संपली.

सगळ्यांना असे करणे शक्य नाही, पण संदेश पूर्ण लिहिणे सगळ्यांना शक्य आहे. पुण्यात, मुंबईत, नागपुरात आणि परदेशात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना एक विनंती. तुमच्या इन्स्टॉलरला एखादी गोष्ट सापडली नाही, तर त्याने कुठे-कुठे पाहिले आणि कोणती आवृत्ती शोधली, ते त्याच चौकटीत लिहा, आणि फोल्डर हाताने दाखवायला एक बटण द्या.