पावसाआधीं पुरा व्हावा असा प्रबंध

“प्रबंध अजून पुरा कसा होत नाहीं?” हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून वडील मंडळी नेहमीं विचारतात. सार्वजनिक आरोग्यावरील आपत्ति हा ज्याचा विषय, त्याला तर तो विशेषच झोंबतो. कारण आपत्तीला हजार अंगें असतात, आणि त्यांपैकीं एकही अंग विद्यार्थ्याला सोडवत नाहीं.

आपल्या उपनगरांचेंच उदाहरण घेऊं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पाणी ओसरलें, आणि पाठोपाठ ऑगस्टांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेलें पाणी पायाच्या जखमेस लागलें कीं जंतु शरीरांत शिरतात; ताप मात्र बहुधा ५ ते १४ दिवसांनीं येतो. प्रतिबंधक औषध पोंचवावयाचें तें ह्या मधल्या दिवसांतच. व्यवस्थापनाची खरी परीक्षा तेथें आहे.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीं अशा विषयांचा पदव्युत्तर अभ्यास होतो. विद्यार्थ्यास वाटतें, अंधेरीचे के पूर्व व के पश्चिम, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी, बोरिवलीचा आर मध्य, असे महापालिकेचे सारे विभाग पालथे घालावे. तसें करूं नये. एक विभाग, एक पावसाळा आणि एकच प्रश्न घ्यावा: पाण्यांतून चाललेल्या माणसाच्या हातीं गोळी कितव्या दिवशीं पडली? नीतिसमितीची संमति व दप्तरें पाहण्याची परवानगी यांसाठीं अर्ज मात्र सर्वांआधीं करावे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत सुमारें तीन महिन्यांत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोंचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत लस टोंचलेल्या व न टोंचलेल्या कैद्यांची तुलना झाली. अफाट शहराचा प्रश्न चार भिंतींत मोजला, म्हणून उत्तर हातीं आलें.

आतां घरच्या मंडळींविषयीं. प्रबंध मुलाचा असला कीं घरांत सारे हळू बोलतात. सुनेचा असला कीं तिनें तो स्वयंपाक आटोपून लिहावा, अशी अपेक्षा असते. रोज दोन तास तिच्या हातचें काम दुसऱ्या कोणीं घेतलें, तर अर्धा प्रबंध घरानेंच लिहिल्यासारखें होईल.

अपुरा प्रबंध कपाटांत पडून राहतो. पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. लहान कां होईना, पण पुरा झालेला प्रबंध पुढच्या पुरांत एखाद्या आरोग्यसेविकेस सांगूं शकेल, कीं औषध घेऊन प्रथम कोणत्या वस्तीकडे वळावें.