टोकाकडच्या वितीचं वजन

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूलच्या काठीवरून, म्हणजे क्यूवरून, हल्ली लाकूड की कार्बन फायबर असा जो वाद रंगतो त्यात लाकडाच्या बाजूने महाराष्ट्राकडे चांगला दाखला आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा मिळवलं. मुंबईच्या मायकल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीनदा बाजी मारली. हा सगळा लाकडी क्यूचा जमाना. मग कार्बन फायबरची गरजच काय, असा सवाल जुनेजाणते करतात. तो सवाल रास्त आहे, पण दाखला गैरलागू आहे, असं माझं मत. तीन चेंडूंच्या बिलियर्ड्समध्ये मोठे ब्रेक उभे राहतात ते चेंडू एकमेकांच्या जवळ राखून. पांढऱ्या चेंडूला तिथे बऱ्याचदा हातभरही जावं लागत नाही. पूलमध्ये मात्र तोच चेंडू टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धाडावा लागतो, आणि काठीचा खरा दोष उघडा पडतो तो या लांबच्या फटक्यातच.

हा दोष एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चामड्याच्या टिपबरोबर आला. फ्रेंच खेळाडू फ्रांस्वा मँगो याचं नाव या टिपशी जोडलं जातं. चामडं आणि त्यावरचा चॉक यांमुळे चेंडूच्या मध्यापासून बाजूला मारूनही काठी घसरेना आणि चेंडूला बाजूची फिरकी, म्हणजे ‘साईड’, देता येऊ लागली. पण उजवी साईड दिली की चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित डावीकडे सुटतो. हे सुटणं एकच अंश धरलं, तर तीस सेंटिमीटरवर फरक पडतो जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. दोन मीटरवर तोच साडेतीन सेंटिमीटर होतो, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या पूल चेंडूच्या निम्म्याहून जास्त. टिप आणि चेंडू एकमेकांना टेकतात एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात फटक्याचा आडवा धक्का काठीत साधारण वीतभरच मागे पोचतो. त्यामुळे चेंडू किती बाजूला सुटणार हे त्या पुढच्या वितीच्या वजनावर ठरतं. मागची मूठ शिसवीची आहे की तिच्यावर नक्षी आहे, याचा इथे काडीचाही संबंध नाही. नव्या क्यूंनी केलं ते एवढंच: पुढचा भाग पोकळ केला, वजन उतरवलं. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रेडेटर कंपनीने हा बदल आधी मेपलच्या लाकडातच करून दाखवला, कार्बन नंतर आला. म्हणजे ज्या गुणासाठी कार्बनची वाहवा होते, तो मुळात कार्बनचा नाहीच.

स्नूकरवाले अजून ॲशच्या लाकडाला का चिकटून आहेत, याचंही उत्तर यातच आहे. त्यांची टिप नऊ-दहा मिलिमीटरची असते, तर पूलची बारा-तेरा. काठी टोकाकडे आधीच बारीक आणि हलकी. नियम म्हणाल तर स्नूकरमध्ये क्यू किमान तीन फूट लांब हवा आणि त्याचा रूढ, निमुळता आकार बदलता कामा नये. त्या अटीत बसणारा कार्बन क्यू चालतो, तेव्हा परंपरा बुडाली म्हणून गळा काढण्याचं कारण नाही.

खरा आक्षेप हाताच्या सवयीचा आहे. स्नूकरपटू स्टीफन हेन्ड्रीने स्वस्तातल्या एकाच लाकडी क्यूवर सात विश्वविजेतेपदं जिंकली. २००३ साली विमानप्रवासात तो क्यू मोडला, आणि हेन्ड्रीच्या उताराचं खापर काहीजण त्यावर फोडतात. पण त्याचं शेवटचं विश्वविजेतेपद १९९९ चं! वर्षानुवर्षं एकाच काठीने खेळणाऱ्याचा हात चेंडूचं हे सुटणं आपोआप भरून काढतो, आणि काठी बदलली की तोच हिशेब उलटा पडतो. ज्याचा हात बसलेला आहे त्याने लाकूड सोडू नये, हे मला मान्य आहे. नवशिक्याला मात्र हा तर्क लागू होत नाही.

लाकडाची खरी अडचण हवेत आहे. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या गावात मे महिन्यातली हवा लाकडातला ओलावा शोषून घेते आणि जुलैची हवा तो परत भरते. हळद वाळवणाऱ्या मुलखाला ओलाव्याची किंमत वेगळी सांगायला नको. लाकूड तंतूंच्या लांबीत फारसं हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. तंतू तिरपे असले तर काठीला बाक येतो. कार्बनला ही पीडा नाही, आणि माझ्या लेखी त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच. उलट लाकडाची दांडी घासून बारीक करता येते, कार्बनची नाही. किमतीतलं अंतर तर मोठंच. म्हणून लहान गावात कोणी टेबल टाकणार असेल, तर दहाजणांच्या हातात फिरणाऱ्या काठ्यांसाठी कार्बनवर पैसे घालवण्याआधी त्याने चपट्या झालेल्या टिपा बदलाव्यात. क्यू भिंतीला तिरपे टेकवून न ठेवता उभ्या मांडणीत ठेवावेत. विकत घेताना क्यू टेबलावर लोळवून बाक पाहतात, ते ठीकच. पण बाक नसलेला क्यूही चेंडू बाजूला सोडतोच. ते पाहायचं तर टेबलाच्या लांबीचा फटका साईड देऊन मारून बघावा लागतो.