बुरशीनाशकांनी दूषित भूमी आणि सूक्ष्मजीव

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ३६ व्या अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याचे विवेचन आहे. कृमी, विष, अग्नी आदींनी उपहत न झालेली वनस्पतीच तेथे ग्राह्य मानली आहे. नागपूर परिसरातील वैद्यबंधूंनी हा निकष संत्राबागेत उभे राहून पडताळावा, असे आम्हांस वाटते.

काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातील बागांत पावसाळ्यात भुईआवळी व पुनर्नवा विपुल उगवतात. कामलेच्या रुग्णांसाठी आम्हीही अनेक वर्षे तेथूनच ओली भुईआवळी आणवीत होतो. त्याच झाडांच्या खोडांना डिंक्या रोगासाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर बोर्डो मलम लावतात आणि बुरशीजन्य फळगळीसाठी कार्बेन्डाझिम फवारतात, हा विचार आमच्या मनात फार उशिरा आला.

ही दोन्ही बुरशीनाशके असली, तरी मातीत त्यांची गती अगदी भिन्न आहे.

कार्बेन्डाझिम हे सेंद्रिय रसायन होय. ते बुरशीच्या पेशींचे विभाजन रोखते. मातीतील काही जीवाणू मात्र त्याचा चक्क आहार म्हणून उपयोग करतात. त्यांची विकरे प्रथम रेणूची एक शाखा तोडतात व त्यापासून २-अमिनोबेन्झिमिडॅझोल तयार होते. पुढे रेणूतील कडीही फुटते आणि त्यातील कार्बन व नायट्रोजन जीवाणूंच्या उपयोगी पडतात. आपल्या परिभाषेत यास पाक म्हणण्याचा मोह होतो, परंतु उपमा तेथेच थांबवावी. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संशोधकांनी बॅसिलस सबटिलिस या जीवाणूच्या चार वाणांवर केलेले कार्य २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. द्रव माध्यमात तसेच द्राक्षमण्यांवर या जीवाणूंनी कार्बेन्डाझिमचे विघटन घडविल्याचे त्यात दिसून आले.

शेतात हे कार्य ओलावा, उष्मा, हवा व सेंद्रिय पदार्थ यांवर अवलंबून असते. कोरड्या, कुजलेले खत न मिळालेल्या मातीत ते मंदावते. आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. शेतकरी ज्या ट्रायकोडर्माचा मित्रबुरशी म्हणून वापर करतात, ती कार्बेन्डाझिमने स्वतःच नष्ट होते. दोन्ही एकत्र देणे व्यर्थ आहे.

बोर्डोची गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मिलार्दे यांनी द्राक्षवेलींसाठी प्रचारात आणलेले हे मिश्रण मोरचूद व चुना यांचे आहे. मोरचूद म्हणजे आपले तुत्थ. शोधनाविना ते पोटात देण्यास कोणताही वैद्य धजणार नाही. त्यातील ताम्र हे मूलद्रव्य असल्याने कोणताही सूक्ष्मजीव त्याचे विघटन करू शकत नाही. काही जीव ते स्वतःत बांधून ठेवतात वा त्याचे रूप पालटतात, पण मात्रा तेवढीच राहते. वर्षानुवर्षे मलम लागलेल्या बागेत ते खोडाभोवतीच्या मातीत साचत जाते. सूक्ष्मजीवांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीने भूमी शुद्ध होईल, ही समजूत म्हणूनच भ्रामक आहे.

यकृताच्या रुग्णासच अशा मातीतील भुईआवळीचा स्वरस द्यावा काय? आम्ही ते थांबविले आहे. बाहेरून वनस्पती आणविताना कोणती फवारणी केव्हा झाली हे आम्ही बागवानास विचारतो आणि खोडालगतचे काहीही घेत नाही. भुईआवळी आता दवाखान्यामागील वाफ्यात लावतो. पुनर्नवा मात्र तेवढ्या जागेत पुरत नाही, तिच्यासाठी पडीक जमिनीचा शोध चालू आहे.