पांढरी बुरशी आणि मळीचे पाणी

श्रोतेहो, प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि आपल्या नगर जिल्ह्याचे (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर) रूपच पालटले. उसामागून साखर आली, साखरेमागून मळी आणि मळीपासून मद्यार्क. पण एक लिटर मद्यार्क काढला की मागे दहा-पंधरा लिटर गडद तपकिरी, आंबूस पाणी उरते. ते ओढ्यात उतरले तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. जमिनीत मुरले तर विहिरीच्या पाण्याला रंग चढतो, आणि मग गुरेसुद्धा त्या पाण्याला तोंड लावीत नाहीत.

हा रंग सहजी का जात नाही? साखर आणि नत्रयुक्त द्रव्ये एकत्र तापली की गडद, चिवट रेणू तयार होतात. भाकरीला खरपूस रंग येतो तो याच जातीचा. पाण्यातले साधे जंतू सोपे तेवढे खातात नि हे रेणू तसेच टाकतात.

इथे बुरशी कामास येते. पण सगळीच नव्हे. गुरुजी, मुलांना घेऊन एखादा कुजका ओंडका पाहा. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांनी फुटत असेल तर ती बुरशी निराळी. पांढरे, मऊ, तंतूतंतू झाले असेल तर ती आपल्या उपयोगाची. लाकडाला टणकपणा देणारे लिग्निन ती फोडते. पोटात घेऊन नव्हे बरे का! तिचे पाचकरस अंगाबाहेर पाझरतात, आणि ते कुलपागणिक वेगळी किल्ली शोधीत बसत नाहीत, सरळ कुलूप फोडतात. म्हणून दुसरे विषारी रेणूही त्यांच्या तडाख्यात सापडतात. अशी एक बुरशी डीडीटी आणि लिंडेनसुद्धा मोडते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ साली दाखवले. पूर्वी आपण पिकावर धुरळीत होतो त्या बीएचसी पावडरीतला मारक अंश तो हाच लिंडेन. आपली धिंगरी अळिंबीही याच बुरश्यांपैकी.

प्रयोगशाळेत या बुरश्यांनी मळीच्या पाण्याचा रंग बराच उतरवला आहे. मात्र पाणी आधी पातळ करावे लागते, आणि बुरशीला खायला साखर किंवा भुसा वेगळा द्यावा लागतो. नुसत्या विषावर ती जगत नाही. मोठ्या टाकीत तर इतर जंतू तिला मागे रेटतात. तेव्हा ‘पुडी टाका, पाणी निवळेल’ म्हणत कोणी आला तर आधी करून दाखव म्हणावे. कारखाने हे पाणी प्रेसमडवर शिंपून खत करतात किंवा आटवून भट्टीत जाळतात, ते काही उगीच नव्हे.

आणखी एक. शिसे, कॅडमियम हे धातू बुरशीला मोडता येत नाहीत. उलट ती ते अंगात साठवते. म्हणून दूषित जागी उगवलेली अळिंबी भाजीला घेऊ नये, मग ती कितीही टपोरी दिसो.