रोगाचें नांव एक, उपचार अनेक

'सैंधव' या शब्दाचें उदाहरण संस्कृत शिकलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे घोडाहि. जेवावयास बसलेला यजमान "सैंधव आण" म्हणाला तर मीठ आणावें. प्रवासास निघालेला म्हणाला तर घोडा. स्तनाच्या कर्करोगाविषयीं आम्ही मात्र प्रसंग न पाहतांच अर्थ लावला, हें कबूल करणें प्राप्त आहे.

येथें कवठे महांकाळास आमच्या थोरल्या सुनेवर या रोगासाठीं शस्त्रक्रिया झाली. पुढें डॉक्टरांनीं तिला रोज एक गोळी पांच वर्षें घेण्यास सांगितलें. ओळखीच्या एका बाईंस मात्र शिरेंतून औषधें व वर्षभर इंजेक्शनें! मग आमच्या सुनेस नुसती गोळी कां, अशी शंका आम्हां वडील मंडळींस आली. दुसऱ्या वर्षीं ती म्हणाली, "मामंजी, आतां त्रास कांहीं नाहीं, अंगांतून वाफा मात्र सारख्या निघतात. गोळी थांबवूं का?" आम्ही "थांबव" म्हणालों. सुदैवानें तिनें आधीं मिरजेस जाऊन डॉक्टरांस विचारलें, आणि आमचेंहि अज्ञान दूर झालें.

गांठीचा तुकडा तपासतांना तिच्या पेशींत कोणते ग्राहक आहेत हें पाहतात. ग्राहक म्हणजे वाढीचा संदेश स्वीकारणारा पेशीचा घटक. कांहीं गांठी इस्ट्रोजेन या स्त्री-शरीरांतील रसाच्या संदेशावर पोसतात. ग्लासगोचे डॉ. बीटसन यांनीं १८९६ सालीं अंडाशय काढून असा रोग हटतो हें दाखविलें. कारण पुढें कळलें. आज टॅमॉक्सिफेनची गोळी ती ग्राहकाची जागाच अडवून धरते. ऋतु बंद झालेल्या स्त्रियांस इस्ट्रोजेन तयार होऊं न देणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत.

दुसऱ्या प्रकारांत 'हर-टू' नांवाचा ग्राहक फाजील असतो व गांठ झपाट्यानें वाढते. त्यावर १९९८ सालीं ट्रास्टुझुमॅब हें इंजेक्शन निघालें. २०१४ पासून आपल्या देशांत बनलेलें, त्या मानानें स्वस्त असें तेंच औषध मिळूं लागलें. कित्येकींच्या गांठींत हे दोन्ही गुण एकत्र असतात. तिसऱ्या प्रकारांत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-टू या तिहींचाहि अभाव. तेथें ती गोळी व तें इंजेक्शन दोन्ही व्यर्थ. मुख्य भिस्त केमोथेरपीवर. पाश्चात्य देशांपेक्षां हा प्रकार आपल्याकडे अधिक आढळतो.

अर्थात् गांठ केवढी, रोग काखेंत वा अन्यत्र पसरला काय, वय किती, यांचाहि विचार डॉक्टर करतात. परंतु ग्राहकांचा कागद पाहिल्यावांचून शेजारणीच्या औषधाशीं तुलना करणें निरर्थक होय. त्या कागदावरील 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून घाबरूं नये. औषधास धरावयास जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. कागद जपून ठेवावा, आणि रोग उलटल्यास तपासणी पुन्हां करावी लागेल काय, हें विचारावें.

गोळीचा त्रास होत असेल तर तो डॉक्टरांस सांगावा. त्यावर तोड निघते. बरें वाटतें म्हणून आपल्या मनानें औषध सोडणें मात्र घातक, कारण ती गोळी रोग पुन्हां उलटूं नये म्हणूनच असते. आमच्या सुनेची गोळी चालू आहे. रात्रीं जेवणें उरकल्यावर "घेतलीस का?" असें विचारण्याचें काम आम्हीं आपण होऊन पत्करलें आहे.