डिस्क आली हे कोणी ओळखायचं?

पेन ड्राइव्ह खोचला की दोन-तीन सेकंदांत पडद्यावर त्याचं चिन्ह उमटतं. एवढ्याशा सोयीमागे चार दशकांची खटपट आहे. सुरुवातीला संगणकाला काही दिसतच नसे. मग जे दिसेल त्यावर तो बिनदिक्कत विश्वास टाकू लागला. आता तो पुन्हा माणसाला विचारू लागला आहे.

डॉसच्या काळात फ्लॉपी आत सरकवली तरी पीसी ढिम्म असे. ‘ए:’ टाइप करून काही मागितलं की मगच तो ड्राइव्हकडे वळे आणि डिस्क नसेल तर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ असं विचारी. अमिगा संगणक डिस्क आली का हे स्वतःहून तपासत राही. त्यासाठी रिकाम्या ड्राइव्हचं हेड सतत हलवावं लागे आणि त्याची टकटक खोलीभर ऐकू येई. ॲपलने 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये तिसरी वाट धरली. डिस्क आत जाताच तिचं चिन्ह डेस्कटॉपवर येई. बाहेर काढायचं बटन मात्र ड्राइव्हला नव्हतंच; मोटर सॉफ्टवेअरच्या ताब्यात होती. त्यामुळे लिहिणं अर्धवट असताना डिस्क उपसून नेणं सोपं नव्हतं. पण ती काढायची एक रीत म्हणजे चिन्ह कचऱ्याच्या डब्यावर ओढणं, आणि सगळं पुसलं जाईल या धास्तीने नवख्यांचा हात थबके.

विंडोज 95 ने ऑटोरन आणलं. सीडी घातली की तिच्यावरची ‘ऑटोरन’ नावाची छोटी फाइल वाचायची आणि तीत नमूद केलेला प्रोग्राम थेट सुरू करायचा. बाजारातली सीडी कारखान्यात छापलेली असे, तिच्यावर मागाहून कोणी काही लिहू शकत नसे. म्हणून हा भरवसा तेव्हा खपून गेला.

यूएसबीचं पहिलं मानक 1996 मध्ये आलं आणि ओळखण्याचा प्रश्न मुळापासून बदलला. उपकरण जोडलं की तारेतला व्होल्टेज बदलतो. तो पाहून संगणक उपकरणाला एक क्रमांक देतो आणि ‘तू कोण?’ असं विचारतो. ‘मी साठवणुकीचं उपकरण’ असं उत्तर आलं की योग्य ड्रायव्हर पुढे होतो, पार्टिशन आणि फाइल सिस्टीम ओळखली जाते आणि मग डिस्क माउंट होते, म्हणजे वापरासाठी खुली होते. 2000 च्या सुमारास 8 एमबीचे पहिले पेन ड्राइव्ह विकायला आले, तेव्हा विंडोज 98 ला त्यांच्यासाठी वेगळा ड्रायव्हर घालावा लागे. विंडोज 2000 आणि एमईमध्ये तो अंगभूत होता.

लिनक्सवाल्यांचा रस्ता लांबचा. डिस्क जोडायची तर सहसा रूटचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार लागत, नाहीतर ॲडमिनने डिस्कांच्या कोष्टकात आधीच तशी सोय करून ठेवलेली असावी लागे. 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या ‘यूडेव्ह’ने उपकरणांना जागच्या जागी नावं द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी हॅवॉक पेनिंग्टन यांनी मांडलेल्या कल्पनेतून, जोडलेल्या उपकरणांची माहिती इतर प्रोग्रामना पुरवणारा ‘हॅल’ उभा राहिला. ही साखळी जुळल्यावर साध्या वापरकर्त्यालाही टर्मिनल न उघडता पेन ड्राइव्ह वापरता येऊ लागला. पुढे हॅल फारच अवजड झाला आणि त्याचं डिस्कसंबंधीचं काम ‘यूडिस्क्स’ने घेतलं.

ओळखणं सोपं झालं तसा जुना भरवसा अंगाशी आला. पेन ड्राइव्हवर कोणीही लिहू शकतो आणि तो हातोहात फिरतो. 2008 मध्ये पसरलेल्या कॉन्फिकर या घातक प्रोग्रामने नेटवर्कसोबत ऑटोरनचाही रस्ता धरला. विंडोज 7 ने पेन ड्राइव्हपुरतं ऑटोरन बंद केलं. जुन्या विंडोजसाठी तसं अपडेट 2011 मध्ये पाठवलं गेलं. तरी तेवढं पुरेसं नव्हतं, हे 2010 मध्येच स्टक्सनेट या दुसऱ्या घातक प्रोग्रामने दाखवून दिलं होतं. पेन ड्राइव्हवरच्या शॉर्टकटचं चिन्ह नुसतं पडद्यावर दिसलं तरी त्याचं काम होई.

काढण्याचा प्रश्नही रेंगाळला. वेग वाढावा म्हणून सिस्टीम मजकूर आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. त्यामुळे लिनक्सवर कॉपीची पट्टी पूर्ण भरली, तरी काम संपलेलं असेलच असं नाही. विंडोज 10 ने 2018 मध्ये बाहेरच्या डिस्कांसाठी थोडा वेग सोडून चटकन काढता येण्याला पसंती दिली.

भरवशाचा प्रश्न मात्र आणखी खोल होता. 2014 मध्ये ‘बॅडयूएसबी’ नावाचा हल्ला दाखवणाऱ्या संशोधकांनी पेन ड्राइव्हला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून द्यायला लावली. संगणकाने ती मान्य केली. न करायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. 2022 च्या मॅकओएस व्हेंचुरापासून ॲपलच्या स्वतःच्या चिपचे लॅपटॉप नवं यूएसबी उपकरण जोडताना आधी परवानगी मागतात. चार दशकांच्या खटपटीनंतर निर्णय माणसाकडे परत आला तो यामुळेच. उपकरण काय आहे हे त्याच्याच तोंडून कळतं. ते कुणी दिलं आणि कुठून आलं, हे मात्र जोडणाऱ्यालाच ठाऊक असू शकतं.